परक्या संघाचा हक्काचा फलंदाज

मीरा-भाईंदर : सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये भाईंदर आणि मीरा रोडला चढणाऱ्या गर्दीत एक दृश्य हमखास दिसते. मालडब्याच्या कोपऱ्यात जवळजवळ स्वतःच्या उंचीची किटबॅग सांभाळत उभा असलेला शाळकरी मुलगा आणि त्याच्या शेजारी डबा व पाण्याची बाटली घेतलेले वडील किंवा आई. भाईंदरपासून चर्चगेट सुमारे ४३ किलोमीटर. तिथून आझाद मैदान, क्रॉस मैदान किंवा ओव्हल गाठायचे, दिवसभर खेळायचे आणि संध्याकाळच्या गर्दीत परत यायचे. विरार, नालासोपारा, वसईपासून बोरिवलीपर्यंत या मार्गावर अशी कित्येक घरे आहेत. याच मार्गाने विरारचा पृथ्वी शॉ आणि पालघरचा शार्दूल ठाकूर भारतीय संघापर्यंत पोहोचले. त्यामुळे या प्रवासाच्या टोकाला काय असू शकते, हे प्रत्येक घराला ठाऊक असते.

ठाऊक नसते ते या दोन टोकांच्या मधले. रणजी करंडक स्पर्धेत आज ३८ संघ खेळतात. प्रत्येक संघात पंधरा खेळाडू धरले, तरी ही संख्या पावणेसहाशेच्या घरात जाते. भारताच्या कसोटी संघात जागा अकरा. म्हणजे राज्याच्या संघापर्यंत मजल मारलेल्या, आपल्या शहरात कौतुकाचा विषय ठरलेल्या शेकडो खेळाडूंचे सारे आयुष्य देशांतर्गत क्रिकेटमध्येच जाते. त्यातले काही जण आपले राज्य सोडतात, दुसऱ्या राज्याची टोपी घालतात आणि जमले तर तिसऱ्याचीही. क्रिकेटच्या बोलीत त्यांना ‘पाहुणा खेळाडू’ किंवा नुसतेच ‘प्रोफेशनल’ म्हणतात. या पेशाचे स्वरूप, त्याचे अर्थकारण आणि त्यातले धोके यांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

रोजाने काम करणारा कारागीर

इंग्रजीत अशा खेळाडूला ‘जर्नीमन’ असा शब्द आहे. तो प्रवासावरून आला असावा असे वाटते. पण त्याचे मूळ ‘दिवस’ किंवा ‘दिवसभराचे काम’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे. मध्ययुगीन युरोपात उमेदवारी पूर्ण करून रोजाने काम करणाऱ्या कारागिराला ही संज्ञा लावली जाई. तो कामात तयार असे. मात्र स्वतःचे दुकान असलेला उस्ताद नसे. क्रीडाक्षेत्रात हा शब्द आला तो याच अर्थाने.

उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीत हा शब्द जितका रुळला आहे, तितका क्वचितच अन्यत्र आढळेल. कॅनडाचा माइक सिलिंजर हे त्याचे ठळक उदाहरण. नॅशनल हॉकी लीग अर्थात ‘एनएचएल’मध्ये १९९० ते २००९ या काळात तो १,०४९ सामने खेळला आणि तेही तब्बल बारा संघांकडून. बारा संघांच्या या विक्रमामुळेच त्याचे नाव आजही घेतले जाते. तो कधी लीगचा सर्वांत मोठा तारा नव्हता. थांबलेला खेळ सुरू होताना दोन खेळाडूंमध्ये टाकलेली चकती हिसकावून घेणे, ही त्याची खासियत होती. अशा एका कौशल्याची गरज प्रत्येक संघाला कधी ना कधी पडते. म्हणूनच तो सर्वांना हवा असे आणि म्हणूनच कोणाकडेच कायमचा राहत नसे.

तिथली व्यवस्था उतरंडीची आहे. वर ३२ संघांची ‘एनएचएल’, तिच्या खाली अमेरिकन हॉकी लीग आणि त्याखाली आणखी एक स्तर. अनेक खेळाडूंचा करार दुहेरी असतो. वरच्या लीगमध्ये खेळल्यास एक वेतन, खाली पाठवल्यास त्याहून कितीतरी कमी. विशेष तरतूद नसेल, तर क्लब खेळाडूची संमती न घेता त्याला दुसऱ्या शहरातील क्लबकडे देऊ शकतो. सकाळी सरावाला गेलेल्या खेळाडूने संध्याकाळी सामान बांधायचे, मुलांची शाळा बदलायची, असे प्रसंग तिथे नवे नाहीत.

भारतात आइस हॉकी प्रामुख्याने लडाखसारख्या बर्फाच्या प्रदेशात आणि हौशी स्वरूपातच खेळली जाते. मात्र जर्नीमनचे जे आयुष्य तिथे बर्फावर दिसते, त्याची भारतीय आवृत्ती पाहायची असेल, तर रणजी करंडकाकडेच वळावे लागते.

पाहुण्यांचे नियम

रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. तिचा पाया प्रादेशिक आहे. खेळाडू आपल्या जन्माच्या, वास्तव्याच्या किंवा नोकरीच्या प्रदेशाकडून खेळतो. महाराष्ट्राचे वैशिष्ट्य असे, की एकाच राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत. रेल्वे आणि सेनादल हे संघ तर प्रदेशाऐवजी नोकरीवर उभे आहेत.

या चौकटीत पाहुण्या खेळाडूसाठी एक दार ठेवलेले आहे. कोणत्याही राज्य संघटनेला बाहेरचे तीनपर्यंत खेळाडू घेता येतात. त्यासाठी खेळाडूला आपल्या मूळ संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. आइस हॉकीत क्लब खेळाडूला पाठवतो. इथे खेळाडूच परवानगी मागून निघतो. हे प्रमाणपत्र किती मोलाचे आहे, हे २०२५ मध्ये दिसले. मुंबईच्या यशस्वी जयस्वालने एप्रिलमध्ये गोव्याकडून खेळण्यासाठी प्रमाणपत्र मागितले आणि महिन्याभरात विचार बदलून मुंबईतच राहण्याची विनंती केली. भारताकडून खेळणाऱ्या जयस्वालला असे परतणे शक्य झाले. सर्वसाधारण रणजीपटूला प्रत्येक वेळी ती मुभा मिळेलच, असे नाही.

पाहुण्यांची मागणी वाढण्यास २०१८-१९ चा मोसम कारणीभूत ठरला. त्या वर्षी बिहार, उत्तराखंड, पुद्दुचेरी आणि ईशान्येकडील राज्ये मिळून नऊ नवे संघ रणजीत आले. यांतल्या बहुतेकांकडे प्रथम श्रेणी सामन्यांचा अनुभव नव्हता. तो विकत घेणे हाच जवळचा मार्ग होता आणि अनुभव विकण्यास तयार असलेले खेळाडू मुंबई, दिल्ली, कर्नाटकात भरपूर होते.

पैशाचा हिशेब

‘रोजाने काम’ हे शब्द रणजीपटूला शब्दशः लागू पडतात. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०२१ मध्ये देशांतर्गत सामन्यांचे मानधन वाढवले आणि ते अनुभवाशी जोडले. चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार रुपये, २१ ते ४० सामन्यांच्या गटाला ५० हजार आणि त्याखाली ४० हजार. राखीव खेळाडूला याच्या निम्मे. त्यापूर्वी अंतिम अकरातील खेळाडूला दिवसाला ३५ हजार मिळत.

हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एलिट गटातील संघ साखळीत सात सामने खेळतो आणि प्रत्येक सामना चार दिवसांचा. म्हणजे २८ दिवस. सर्व सामने खेळणाऱ्या अनुभवी खेळाडूला १६ लाख ८० हजार, नवख्याला ११ लाख २० हजार. एकदिवसीय आणि ट्वेन्टी-२० स्पर्धांचे मानधन वेगळे. पाहुण्या खेळाडूला त्याशिवाय संबंधित संघटनेकडून कराराची रक्कम मिळते. ती ज्याच्या-त्याच्या नावलौकिकावर ठरते.

आकडे लहान नाहीत. पण त्यातली मेख ‘सर्व सामने’ या शब्दांत आहे. स्नायू दुखावला, दोन सामन्यांत धावा झाल्या नाहीत, निवड समिती बदलली, की दिवस कमी होतात आणि दिवसाबरोबर पैसाही. करिअर पस्तिशीच्या आसपास संपते. आयपीएलचा लिलाव हा दुसरा मार्ग. तिथली किमान बोली २०२५ च्या मोसमापासून ३० लाख रुपये झाली. मात्र चार दिवस खेळपट्टीवर ठाण मांडणारा फलंदाज त्या बाजारात क्वचितच विकला जातो.

मुझुमदार : पॅड बांधून बसलेला मुलगा

या पेशाचा चेहरा म्हणून मुंबईकरांना आठवणारे पहिले नाव म्हणजे अमोल मुझुमदार. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंडित भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून मुझुमदार पॅड बांधून बसले होते. त्यांची पाळी आलीच नाही. पुढच्या आयुष्याचे जणू सूचनच त्या प्रसंगात होते, असे नंतर अनेकांनी म्हटले.

१९९३-९४ च्या मोसमात फरिदाबाद येथे हरयाणाविरुद्ध त्यांनी प्रथम श्रेणी पदार्पणातच २६० धावा काढल्या. पदार्पणातील हा त्या वेळचा विश्वविक्रम होता आणि तो २०१८ पर्यंत टिकला. ‘नवा तेंडुलकर’ ही उपाधी चिकटायला वेळ लागला नाही. पण भारताच्या मधल्या फळीत पुढे दीड दशक तेंडुलकर, राहुल द्रविड, सौरव गांगुली आणि व्ही. व्ही. एस. लक्ष्मण उभे होते. मुझुमदार यांना भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही.

२००६-०७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालील मुंबईच्या खात्यावर पहिल्या तीन सामन्यांनंतर एकही गुण नव्हता. त्याच संघाने नंतर बंगालला हरवून रणजी करंडक जिंकला. तरीही २००९ मध्ये त्यांनी मुंबई सोडून आसाम गाठले आणि पुढे ते आंध्रकडून खेळले. करंडकाची सवय असलेल्या ड्रेसिंग रूममधून बाद फेरीचेही अप्रूप असलेल्या संघात जाणे, हा बदल केवळ गावाचा नव्हता. २०१४ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा आणि ३० शतके होती.

त्यांच्याच पिढीतील लेगस्पिनर साईराज बहुतुले यांची वाट थोडी वेगळी. दोन कसोटी आणि आठ एकदिवसीय सामने खेळलेले बहुतुले मुंबईनंतर महाराष्ट्र, आसाम, आंध्र आणि विदर्भ या संघांकडूनही खेळले. भारताची टोपी मिळाली म्हणून पायाखालची वाट थांबतेच असे नाही, हे त्यांच्या कारकिर्दीवरून दिसते.

जाफर आणि विदर्भ

पाहुण्या खेळाडूवरचा नेहमीचा आक्षेप असा, की तो स्थानिक मुलाची जागा अडवतो. आक्षेप निराधार नाही. पस्तिशीचा पाहुणा दोन-तीन वर्षे खेळून निघून गेला आणि मागे काहीच राहिले नाही, तर त्या जागेसाठी वर्षानुवर्षे घाम गाळणाऱ्या तरुणाचे नुकसान होते.

विदर्भाने या आक्षेपाला मैदानावर उत्तर दिले. ३१ कसोटी सामने खेळलेले वसीम जाफर २०१५-१६ मध्ये मुंबई सोडून विदर्भात आले. दुखापतीमुळे २०१६-१७ चा मोसम वाया गेला, तरी विदर्भाने त्यांच्या कराराचा शब्द पाळला. त्याची परतफेड म्हणून पुढच्या मोसमात मानधनाशिवाय खेळण्याची तयारी त्यांनी दाखवली. त्याच मोसमात, १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीला हरवून विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला. विजयी फटका जाफर यांचा होता. पुढच्या वर्षी विदर्भाने करंडक राखला आणि चाळिशी गाठलेल्या जाफर यांनी त्या मोसमात १,०३७ धावा काढल्या.

या यशात मुंबईचेच चंद्रकांत पंडित प्रशिक्षक होते, ही बाबही महत्त्वाची. एका मुंबईकराने पाया घातला, दुसऱ्याने मधली फळी सांभाळली आणि अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली ती विदर्भाच्या रजनीश गुरबानीने. पाहुण्याच्या सावलीत स्थानिक मुलगा वाढू शकतो. त्यासाठी संघटनेने पाहुण्याला केवळ धावांचे यंत्र समजता कामा नये.

दोन स्थानकांपलीकडचे उदाहरण

मीरा रोडपासून दक्षिणेकडे दोन स्थानके गेले, की बोरिवली येते. तिथल्या स्वामी विवेकानंद शाळेत प्रशिक्षक दिनेश लाड यांनी रोहित शर्मा आणि शार्दूल ठाकूर यांना घडवले. त्यांचा मुलगा सिद्धेश लाड हा मुंबईचा भरवशाचा फलंदाज. संघ अडचणीत असताना धावा काढणारा म्हणून त्याची ओळख झाली. आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सने त्याला २०१५ मध्ये घेतले; प्रत्यक्ष सामना मिळाला तो एप्रिल २०१९ मध्ये, दुखापतग्रस्त रोहितच्या जागी. पहिल्याच चेंडूवर त्याने षटकार मारला.

पुढे मुंबई संघातील स्थान डळमळीत झाले आणि २०२२-२३ च्या मोसमासाठी त्याने गोव्याची वाट धरली. सचिन तेंडुलकर यांचा मुलगा अर्जुन याच मोसमात गोव्याकडे गेला होता. सिद्धेश २०२४-२५ मध्ये मुंबई संघात परतला आणि ओडिशाविरुद्ध त्याने नाबाद १६९ धावा केल्या. मुंबईत रणजीपटू होणे जितके कठीण, तितकेच तिथे टिकणे. मुंबईबाहेर जाणे मात्र कायमचा पूर्णविराम नसतो, हे त्याच्या परतण्याने दाखवले.

मार्च २०२५ मध्ये नागपूरजवळच्या जामठा मैदानावर संपलेला रणजीचा अंतिम सामना तर पाहुण्यांचेच संमेलन वाटावे असा होता. विदर्भाकडून दुसऱ्या डावात १३५ धावा काढणारा करुण नायर मूळचा कर्नाटकचा. २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा काढूनही तो काही महिन्यांत भारतीय संघाबाहेर गेला आणि नंतर कर्नाटकच्या संघातूनही. समोर प्रथमच अंतिम फेरी गाठलेल्या केरळकडून ७९ धावांची झुंजार खेळी केली ती आदित्य सरवटेने. तो नागपूरचाच. पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाला मिळाला. नायरला त्या मोसमाने आठ वर्षांनंतर भारताच्या कसोटी संघात परत नेले; नंतर तो पुन्हा कर्नाटककडे गेला.

केरळच्या त्या संघात जलज सक्सेनाही होता. इंदूरचा हा अष्टपैलू २०१६ मध्ये मध्य प्रदेशातून केरळमध्ये गेला. रणजीत ६,००० धावा आणि ४०० बळी ही जोडकामगिरी करणारा तो पहिला खेळाडू. पण भारताकडून एकही सामना नाही. २०२५-२६ मध्ये तो आणि पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडे आले. मोसमाचा पहिलाच सामना केरळविरुद्ध, तिरुवनंतपुरमला होता. महाराष्ट्राची अवस्था ५ बाद १८ अशी झालेली असताना ऋतुराज गायकवाडने ९१ आणि सक्सेनाने ४९ धावा काढून डाव सावरला. काल ज्यांच्यासाठी राबला, त्यांच्याविरुद्ध आज उभे राहायचे, हा या पेशाचा नियमच.

नंतर काय?

एके काळी मुंबईच्या क्रिकेटपटूला नोकरीचा आधार होता. टाटा, निर्लॉन, मफतलाल, एसीसी, बँका, एअर इंडिया, पेट्रोलियम कंपन्या यांचे संघ टाइम्स शिल्डमध्ये खेळत. खेळाडू दुपारपर्यंत कार्यालयात, नंतर मैदानावर. भारताकडून खेळला नाही तरी महिन्याचा पगार आणि निवृत्तीनंतरची खुर्ची पक्की. खेळाडूंची ही भरती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. दिवसाचे मानधन वाढले, तशी आयुष्याची हमी मात्र कमी झाली. मंडळाने २०२२ मध्ये पात्र माजी प्रथम श्रेणी खेळाडूंचे मासिक निवृत्तिवेतन १५ हजारांवरून ३० हजार केले. पण ते संसाराचा एकमेव आधार होऊ शकत नाही.

अनुभव विकण्याची दुसरी बाजारपेठ आहे ती प्रशिक्षणाची. आइस हॉकीत काय, क्रिकेटमध्ये काय, उत्तम प्रशिक्षक पुष्कळदा याच वर्गातून येतात. राखीव म्हणून बाकावर बसणे, संघातून वगळले जाणे, नव्या गावात शून्यातून विश्वास मिळवणे, हे त्यांनी स्वतः भोगलेले असते. मुझुमदार ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून त्यांच्या संघाने विश्वचषक जिंकला. त्यानंतर डिसेंबरात मंडळाने देशांतर्गत स्पर्धांतील वरिष्ठ महिला खेळाडूंचे दिवसाचे मानधन २० हजारांवरून ५० हजारांवर नेले. मीरा-भाईंदरच्या लोकलमध्ये किटबॅग घेऊन चढणाऱ्या मुलींसाठी हा बदल लहान नाही.

मात्र प्रत्येक पाहुण्या खेळाडूच्या वाट्याला विश्वचषक येत नाही, हेही तितकेच खरे. म्हणूनच मालडब्यात शेजारी उभ्या असलेल्या पालकांनी ‘मुलगा भारताकडून खेळेल का?’ या प्रश्नाबरोबर आणखी काही प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. पदवी पूर्ण होणार आहे का? दुखापत झाली, तर एक मोसम घरी बसण्याची तयारी आहे का? तिशीत आपल्या संघाने नाकारले, तर गुवाहाटी किंवा पणजीला जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची जिद्द आहे का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर भारताची टोपी न मिळताही क्रिकेटवर वीस वर्षे सन्मानाने जगता येते. ११,१६७ धावांचा तो हिशेब हेच सांगतो, की ज्याची पाळी आली नाही असे वाटते, तोही आयुष्यभर फलंदाजी करत असतो.